आफ्रिकेतील रेशमी जाळपंखी कीटक: जाती ओळखताना आणि नव्या जातीचे वर्णन लिहिताना

आपण पाठवलेली छायाचित्रे आणि त्यांसोबतचा मजकूर मी लक्षपूर्वक पाहिला. आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: दक्षिण आफ्रिकेच्या लिंपोपो प्रांतात आपण नोकरीनिमित्त राहता, डिसेंबरमधील एका पावसाळी रात्री ओसरीवरच्या दिव्यापाशी, दिसायला पतंगासारखा पण पंखांना दाट जाळी असलेला एक कीटक आला आणि तो आता आपल्याकडे टाचणीवर सुकवून ठेवलेला आहे. पुढील पंखाची लांबी आपण 22 मि.मी. आणि रुंदी 13 मि.मी. मोजली आहे. एका परिचिताने पंखांवरील आडवे पट्टे पाहून तो रेशमी जाळपंखी कुलातील ‘झेब्रा’ ही जाती आहे असे सांगितले. दुसऱ्याने तो अद्याप नाव न मिळालेला कीटक असावा असे म्हटले. यांपैकी खरे काय, आणि तो खरोखरच नवा असेल तर त्याचे रीतसर वर्णन कसे करावे, हे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. कुलाविषयी पहिले परिचित बरोबर आहेत. जातीविषयी त्यांनी घाई केली आहे. दुसऱ्यांच्या म्हणण्याला आज तरी कोणताही आधार नाही, कारण एखादा कीटक नवा आहे असे म्हणण्याआधी तो ज्ञात जातींपैकी कोणताच नाही हे एकेक करून दाखवावे लागते, आणि ते काम पंखांच्या वरच्या बाजूच्या छायाचित्रांवरून होत नाही.

शब्दांच्या वापराबद्दल एक खुलासा करणे आवश्यक आहे. हल्ली वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द सरसकट जातीच्या अर्थाने वापरला जातो. मी जुन्या शास्त्रीय रूढीप्रमाणे लिहीत आहे: जीवाच्या दुपदरी नावातील पहिला शब्द प्रजातीचा, आणि दोन्ही शब्द मिळून जातीचे नाव. अनेक प्रजातींचे एक कुल, अनेक कुलांचा एक गण. आपल्या कीटकाचा गण न्यूरॉप्टेरा, म्हणजे जाळीसारख्या शिरांचे पंख असणारे कीटक. महाराष्ट्रातील शेतकरी मावा खाणारा मित्रकीटक म्हणून ज्या क्रायसोपाला ओळखतात तो, आणि अंगणातल्या मऊ मातीत नरसाळ्यासारखा खळगा करून मुंगीची वाट पाहत बसणारी मुंगीसिंहाची अळी, हे दोन्ही याच गणातले आहेत.

आता कुलाची निश्चिती. रेशमी जाळपंखी कीटकांचे कुल सायकॉप्सिडी या नावाने ओळखले जाते. रुंद, केसाळ, पाठीवर कौलारू छपरासारखे उतरते मिटलेले पंख आणि दिव्याकडे येण्याची सवय यांमुळे हे कीटक पहिल्या नजरेला पतंगच वाटतात, आणि पतंगांच्या संग्रहात चुकून जाऊन बसलेले त्यांचे नमुने मी स्वतः एकाहून अधिक वेळा बाहेर काढले आहेत. फरक करणे अवघड नाही. पतंगाच्या पंखांवर खवले असतात आणि बोट लावताच ते भुकटीसारखे निघतात. जाळपंखी कीटकाच्या पंखांवर केस असतात. पतंगाच्या तोंडाला बहुधा गुंडाळलेली सोंड असते; जाळपंखी कीटकाला चावण्याचे जबडे असतात. आफ्रिकेत आणखी एक फसवणूक संभवते, ती रिकॅनिडी कुलातील तुडतुड्यांच्या भाऊबंदांची. त्यांचेही पंख रुंद, त्रिकोणी आणि शिरांनी भरलेले असतात. परंतु त्यांच्या डोक्याखाली रस शोषणारी चोच असते आणि शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, डोळ्यांखाली दडलेल्या, अगदी लहान असतात. आपल्या तिसऱ्या छायाचित्रात डोके समोरून दिसते, जबडे स्पष्ट आहेत आणि शृंगिका मण्यांच्या माळेसारख्या, आखूड पण उघड दिसणाऱ्या आहेत, त्यामुळे या दोन्ही शक्यता निकालात निघतात.

त्याच गणातील इतर कुले वगळताना थोडी अधिक दक्षता हवी. ऑस्मिलिडी कुलातील कीटकांचे पंखही रुंद आणि ठिपकेदार असतात, पण त्यांच्या डोक्यावर दोन संयुक्त नेत्रांव्यतिरिक्त तीन साधे नेत्र असतात. रेशमी जाळपंखी कीटकांना साधे नेत्र नसतात. डायलॅरिडी कुलात नराच्या शृंगिका कंगव्यासारख्या असतात आणि मादीला लांब अंडनिक्षेपक, म्हणजे अंडी घालण्याची नळी, असतो. हेमेरोबिडी कुलातील तपकिरी जाळपंखी सहसा बरेच लहान असतात, आणि त्यांच्या पुढील पंखात मुख्य त्रिज्य शिरेपासून अनेक शाखा स्वतंत्रपणे फुटतात. दक्षिण आफ्रिकेचे वैभव मानले जाणारे नेमॉप्टेरिडी तर मागील पंखांच्या लांब फितींमुळे दुरूनच ओळखू येतात.

मात्र वगळून उरलेले म्हणजे ओळख पटली असे मी मानत नाही. एक तरी लक्षण होकारार्थी असले पाहिजे. सायकॉप्सिडी कुलाच्या बाबतीत ते लक्षण विलक्षण ठसठशीत आहे. पुढील पंखाच्या पुढच्या कडेपासून काही अंतर आत, पंखाच्या बुंध्यापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन शिरा, म्हणजे उपकडा शीर, त्रिज्य शीर आणि त्रिज्य शिरेचा विभाग, एकमेकींना जवळजवळ चिकटून समांतर धावतात, जाड होतात आणि पंखाचे टोक येण्यापूर्वीच एका आडव्या जोडाने एकत्र बांधल्या जातात. या तिहेरी पट्ट्याला ‘व्हेना ट्रिप्लिका’ म्हणतात. पट्ट्याच्या पुढे कडेपर्यंतचा भाग असाधारण रुंद असतो, त्यात फाटे फुटलेल्या बारीक शिरांची गर्दी असते आणि त्या शिरांना जोडणाऱ्या आडशिरांची पायऱ्यांसारखी एक रांग असते; पट्ट्याच्या मागे विभागापासून निघालेल्या कितीतरी शिरा एकमेकींना समांतर जात मागच्या कडेला पोचतात. संपूर्ण पंख मध्ये कणा असलेल्या पंख्यासारखा दिसतो. आपल्या दुसऱ्या छायाचित्रात हा कणा पट्ट्यांच्या रंगातूनही दिसतो आहे. तेव्हा कुलाबद्दल शंका नको.

हे कुल लहान आहे आणि फार जुने आहे. आज हयात असलेल्या जाती तीसच्या आतच भरतात, आणि त्या एकमेकांपासून दूर असलेल्या तीन प्रदेशांत विखुरलेल्या आहेत: आफ्रिकेचा सहारापासून दक्षिणेकडील भाग, चीन व आग्नेय आशिया, आणि ऑस्ट्रेलिया. ऑस्ट्रेलियातील सर्व जाती सायकॉप्सिस या एका प्रजातीत येतात, आशियातील बाल्मेस या प्रजातीत. मध्यजीव महाकल्पातील खडकांत या कुलाच्या आणि त्याच्या निकटच्या कुलांच्या पंखांचे ठसे मोठ्या संख्येने सापडतात, आणि बाल्टिक अंबरमध्ये, म्हणजे बाल्टिक समुद्राकाठच्या अश्मीभूत राळेत, प्रोसायकॉप्सिस ही प्रजाती सापडली आहे, म्हणजे आज जिथे या कुलाचा मागमूस नाही त्या युरोपातही ते एकेकाळी होते. अशा कुलात प्रत्येक जातीचे मोल मोठे असते, आणि म्हणूनच नव्या जातीचा मोहही मोठा असतो.

आफ्रिकेतील जाती झायगोफ्लेबियस, सिल्व्हेरा आणि काब्रालिस या तीन प्रजातींत विभागल्या आहेत. त्या कशा जमत गेल्या हे समजल्याशिवाय आपल्या नमुन्याची ओळख नीट करता येणार नाही, म्हणून हा इतिहास थोडा विस्ताराने सांगतो. व्हिएन्नाचे फ्रीड्रिश ब्राउअर यांनी 1889 मध्ये ‘झेब्रा’ या जातीचे वर्णन केले, पण ते सायकॉप्सिस प्रजातीत; त्या काळी या घडणीचे सगळेच कीटक त्या ऑस्ट्रेलियन प्रजातीत टाकले जात. इंग्लंडचे रॉबर्ट मॅक्लॅक्लन यांनी 1902 मध्ये ‘मार्शली’ ही जाती वर्णिली, तीही सायकॉप्सिस म्हणूनच. नंतर सारागोसाचे जेझुइट धर्मगुरू लोंखिनोस नावास पुढे आले. त्यांनी 1910 मध्ये झायगोफ्लेबियस ही प्रजाती ‘लिओनिनस’ या जातीसह स्थापन केली आणि 1912 मध्ये सिल्व्हेरा व काब्रालिस या दोन प्रजाती निर्माण केल्या. नावास यांचा उरक प्रचंड होता. जगभरातून येणाऱ्या जाळपंखी कीटकांना त्यांनी हजारोंनी नावे दिली. मात्र त्यांची वर्णने त्रोटक आहेत, ती मुख्यतः रंग आणि शिरांवर उभी आहेत, आणि ज्या अवयवांवरून आज आपण जाती वेगळ्या करतो त्या जननांगांकडे त्यांत लक्ष दिलेले नाही. त्यांच्यावर टीका करणे सोपे आहे. मी स्वतः त्यांच्या दोन ओळींच्या वर्णनांवर आठवडे घालवले आहेत, तरीही त्यांनी प्रजाती म्हणून वेगळे काढलेले हे तिन्ही गट आजवर टिकले आहेत हे कबूल केले पाहिजे.

खरी शिस्त आली ती स्वीडनचे बो ट्येडर यांच्यामुळे. दक्षिण आफ्रिकेच्या जाळपंखी कीटकांवरील त्यांच्या मालिकेतील या कुलाचा भाग 1960 मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात त्यांनी सिल्व्हेरा प्रजातीतील ‘रुफस’ आणि ‘ऑकल्टस’ या जाती वर्णिल्या आणि जननांगांच्या रेखाकृती दिल्या. पुढे अमेरिकेचे जॉन ऑस्वाल्ड यांनी 1989 मध्ये काब्रालिसमधील आणखी एक जाती वर्णिली, 1993 मध्ये संपूर्ण कुलाच्या प्रजातींची जागतिक पुनर्तपासणी केली आणि आफ्रिकेतील तिन्ही प्रजाती झायगोफ्लेबिनी या एका उपकुलात एकत्र ठेवल्या. त्यानंतरच्या वर्षी त्यांनी वर्णिलेल्या एका झायगोफ्लेबियस जातीचे नावच ‘स्यूडोसिल्व्हेरा’, म्हणजे ‘खोटी सिल्व्हेरा’, असे आहे. केवळ दिसण्यावरून प्रजाती ठरवू पाहणाऱ्याला त्या एका नावाने पुरेशी सूचना दिली आहे. आपल्या नमुन्याची प्रजाती ठरवताना 1993 च्या त्या पुनर्तपासणीतील किल्ली, म्हणजे लक्षणे एकेक विचारत ओळखीपर्यंत नेणारा तक्ता, हाताशी ठेवावी आणि नमुना सूक्ष्मदर्शकाखाली असताना तिच्या एकेका पायरीवर होय किंवा नाही असे उत्तर द्यावे. छायाचित्राशी चित्र जुळवण्याचा मार्ग इथे पोचवत नाही.

पंखांच्या रंगाबद्दल मी इतका आग्रहाने का सांगतो, त्याला माझ्याच एका चुकीचा आधार आहे. उमेदवारीच्या काळात मी एका संग्रहात काम करत असताना एकाच ठिकाणच्या दोन पेट्यांतील नमुन्यांच्या रंगांत मला इतका स्पष्ट फरक दिसला, की मी त्यांना दोन वेगळ्या जाती मानून टिपणही तयार केले: एकीकडे ठळक तपकिरी पट्टे, दुसरीकडे फिकट पिवळसर पंखांवर पट्ट्यांची जेमतेम छाया. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी टिपण न वाचताच मला पेट्यांची जागा दाखवली. फिकट नमुन्यांची काचेच्या झाकणाची पेटी कित्येक वर्षे खिडकीसमोर राहिली होती. जननांगे काढून पाहिली तेव्हा दोन्ही मालिकांत तसूभर फरक नव्हता. उन्हाने रंग उडतो, अल्कोहोलमध्ये तो बदलतो, नुकत्याच कोशातून निघालेल्या कीटकात तो पूर्ण भरलेला नसतो, आणि या सर्वांखेरीज एकाच जातीत नैसर्गिक फरक असतातच. ‘झेब्रा’ म्हणजे पट्टे, पण पट्टे म्हणजे झेब्रा नव्हे.

म्हणून जातीची निश्चिती उदराच्या टोकावर होते. त्याची पद्धत सांगतो, मात्र आपल्याकडे एकच नमुना असताना ती स्वतः करून पाहू नये असा माझा सल्ला आहे. सुकलेल्या कीटकाला आधी ओलसर डब्यात ठेवून मऊ करतात. मग उदराचे शेवटचे काही खंड, किंवा संपूर्ण उदर, अलगद वेगळे करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या 10 टक्के द्रावणात ठेवतात. थंड द्रावणात रात्रभर, किंवा गरम द्रावणात काही मिनिटे. या द्रावणात स्नायू आणि चरबी विरघळते व कठीण भाग उरतात. घाई झाली तर पातळ पापुद्रेही जातात, म्हणून मी गरम करण्यापेक्षा रात्रभर थांबणे पसंत करतो. त्यानंतर पाण्यात, आणि किंचित ॲसिटिक आम्ल घातलेल्या पाण्यात धुऊन, पारदर्शक पापुद्रे दिसावेत म्हणून क्लोराझोल ब्लॅक या रंगाचा अगदी सौम्य स्पर्श देतात आणि ग्लिसरीनमध्ये ठेवून पाहतात. नरात नवव्या खंडाची खालची पट्टी, गुदद्वाराच्या बाजूंच्या एक्टोप्रॉक्ट या पट्ट्या, त्यांच्या आतील कमानीसारखा गोनार्कस आणि त्याला जोडलेला मधला आकडा यांचे आकार वरून, बाजूने आणि मागून अशा तिन्ही दिशांनी काढावेत. मादीत आठव्या आणि नवव्या खंडांचे भाग आणि शुक्रकोश पाहावा. काम झाल्यावर हे सर्व ग्लिसरीनच्या इवल्या कुपीत घालून ती कुपी त्याच कीटकाच्या टाचणीत, त्याच्या खाली टोचावी. वेगळ्या डबीत ठेवलेले उदर आज ना उद्या दुसऱ्याच कीटकाचे होते. ते मी होताना पाहिले आहे, आणि तो नमुना मूळ नमुना, म्हणजे ज्यावरून जातीला नाव दिले तोच, असल्यामुळे त्या गोंधळाचा निकाल आजही लागलेला नाही.

शिरा पाहण्यासाठी एक साधी युक्ती आहे. या कीटकांच्या पंखांवरचे केस इतके दाट असतात की कोरड्या पंखातील आडशिरा मोजणे जिवावर येते. पंखावर ब्रशने अल्कोहोलचा थेंब फिरवला की तो सुकेपर्यंतच्या काही क्षणांत केस पारदर्शक होतात आणि शिरांचे जाळे लख्ख दिसते. नमुने पुरेसे असतील तर एका नमुन्याचे उजवीकडचे दोन्ही पंख काढून दोन काचपट्ट्यांमध्ये बसवावेत. आडशिरांच्या रांगा किती, त्या कुठे सुरू होऊन कुठे संपतात आणि तिहेरी पट्ट्याचा शेवटचा जोड पंखाच्या टोकापासून किती दूर आहे, हे अंतर मोजून लिहावे. ‘जवळ’, ‘दूर’, ‘बरेच’ असे शब्द दुसऱ्या संशोधकाच्या कामाचे नसतात.

समजा हे सर्व झाले आणि आपला कीटक किल्लीतील कोणत्याच जातीशी जुळला नाही. तरीही तो नवा ठरत नाही. आता मूळ नमुन्यांकडे जावे लागते, म्हणजे ज्या नमुन्यांवरून पूर्वीच्या लेखकांनी नावे दिली त्या प्रत्यक्ष नमुन्यांकडे. मॅक्लॅक्लन यांचा संग्रह लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे, ब्राउअर यांच्या कामाचा माग व्हिएन्नाच्या संग्रहालयातून काढावा लागतो. अलीकडे पुष्कळ संग्रहालये अशा नमुन्यांची उत्तम छायाचित्रे विनंतीवरून पाठवतात, त्यामुळे पूर्वीसारखा प्रवास दरवेळी लागत नाही. ऑस्वाल्ड यांनी उभारलेली जगातील जाळपंखी कीटकांची ऑनलाइन नामसूची प्रत्येक नावाचा मूळ लेख, वर्ष आणि समानार्थी नावे दाखवते. ती सर्वांना खुली आहे आणि कामाची सुरुवात तिथून करावी. विसरल्या गेलेल्या जुन्या नावाच्या डोक्यावर नवे नाव चढवणे ही आपल्या शास्त्रातील सर्वांत नित्याची आणि सर्वांत कंटाळवाणी चूक आहे, कारण ती निस्तरायला पुढच्या माणसाची वर्षे जातात.

एवढ्यातूनही वेगळेपण टिकले, तर वर्णनाला हात घालावा. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती 1 जानेवारी 2000 पासून अमलात आहे आणि तिच्या काही अटींना पर्याय नाही. नाव नवे आहे हे स्पष्ट शब्दांत म्हणावे लागते. इतर जातींपासून वेगळे करणारी लक्षणे शब्दांत द्यावी लागतात, केवळ चित्र किंवा डीएनएचा क्रम जोडून भागत नाही. एका नमुन्याला होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा प्रमाण नमुना, म्हणून नेमावे लागते आणि तो कोणत्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाणार आहे हे लिहावे लागते. लेख केवळ ऑनलाइन निघणार असेल तर 2012 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार त्याची झूबँक या नोंदवहीत आधी नोंदणी होऊन ती नोंद लेखातच दिसली पाहिजे. या अटींपैकी एकही चुकली तर आपण सुचवलेले नाव नाव म्हणून अस्तित्वातच येत नाही.

वर्णनाच्या लेखनात नवशिक्यांकडून एक गल्लत हमखास होते: भेददर्शक टिपण आणि वर्णन यांत ते फरक करत नाहीत. भेददर्शक टिपण लहान असावे आणि ते वाचून दुसऱ्याला ‘हा तोच’ किंवा ‘हा तो नाही’ असे सांगता आले पाहिजे. त्यात ‘अमुक जातीपेक्षा नराचा गोनार्कस मध्यभागी अधिक रुंद, आणि मधला आकडा टोकाशी दुभंगलेला, तिच्यात तो अखंड’ अशी तुलना असावी, आणि ती भौगोलिकदृष्ट्या किंवा रूपाने सर्वांत जवळच्या जातीशी असावी. दूरच्या जातीपासूनचे वेगळेपण सिद्ध करण्यात काही पुरुषार्थ नाही. वर्णन मात्र सविस्तर, तटस्थ आणि ठरावीक क्रमाने जाणारे असते: डोके, वक्ष, पाय, पंख, उदर, जननांगे. आपल्या नमुन्याच्या छायाचित्रांवरून त्याची सुरुवात मी अशी करीन: ‘पुढील पंखाची लांबी 22 मि.मी., कमाल रुंदी 13 मि.मी.; पंख रुंद, बाह्य कडा गोलसर; पंखाचा मूळ रंग फिकट पिवळसर, त्यावर तपकिरी आडवे पट्टे, पट्ट्यांच्या कडा अस्पष्ट; तिहेरी शिरांचा पट्टा मूळ रंगापेक्षा गडद; शृंगिका आखूड, मण्यांच्या माळेसारख्या.’ यात ‘सुंदर’ नाही, ‘मनोहारी’ नाही, आणि दुसऱ्या जातीशी तुलनाही नाही. आपल्या पत्रातील वर्णन वाचायला रसाळ आहे, परंतु त्यातील निम्मी विशेषणे पाहणाऱ्याबद्दल सांगतात, कीटकाबद्दल नव्हे.

एकाच नमुन्यावरून नवी जाती वर्णिण्याला संहितेची मनाई नाही. माझी मात्र आहे. निदान एक नर, एक मादी आणि त्याच ठिकाणचे आणखी चार-पाच नमुने हाती असल्याशिवाय कोणता फरक जातीचा आणि कोणता व्यक्तीचा हे सांगता येत नाही. पुढच्या पावसाळ्यात, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील उन्हाळ्यात, चांदणे नसलेल्या उबदार रात्री पांढऱ्या चादरीसमोर मर्क्युरी किंवा अतिनील दिवा लावून बसावे. मिळालेल्या नमुन्यांपैकी एकाचा मधला पाय किमान 95 टक्के इथेनॉलमध्ये थंड ठेवावा. त्यातून सीओआय या, जाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा वाचून घेता येतो, आणि नर-मादी रंगाने वेगळे दिसत असतील तर ते एकाच जातीचे आहेत का याचा उलगडा त्यातून चांगला होतो. दिवसा खरखरीत सालीच्या झाडांकडेही लक्ष द्यावे. ऑस्ट्रेलियातील सायकॉप्सिस एलेगन्सचे जीवनचक्र रॉबिन टिलयार्ड यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वर्णिले. तिच्या अळ्या निलगिरीच्या सालीखाली दडून इतर कीटकांची शिकार करतात, त्यांचे जबडे मजबूत आणि आत वळलेले पण मुंगीसिंहाच्या जबड्यांप्रमाणे दातेरी नसलेले असतात, आणि पूर्ण वाढीला सुमारे दोन वर्षे लागतात. लिंपोपोत सालीखाली अशा दातहीन, वाकड्या जबड्यांची अळी मिळाली आणि ती वाढवून तिच्यातून प्रौढ कीटक निघाला, तर ती नोंद एखाद्या नव्या नावापेक्षा मी मोठी मानीन.

नावाचे म्हणाल, तर ते शेवटी सुचवावे. स्थळावरून, लक्षणावरून किंवा व्यक्तीवरून नाव देता येते: ‘रुफस’ म्हणजे तांबूस, ‘ऑकल्टस’ म्हणजे दडलेला, ‘लिओनिनस’ म्हणजे सिंहासारखा. विशेषण प्रजातीच्या लिंगाप्रमाणे चालते, आणि तिथे डोळे झाकून शेवट बदलू नये. सिल्व्हेरा हे नाव आकारान्त असले तरी तिच्या जातींची विशेषणे पुल्लिंगी आहेत हे वर आलेच. ‘झेब्रा’ हे नाम असल्यामुळे प्रजाती बदलली तरी तसेच राहिले. फरक इतकाच पडला की जाती सायकॉप्सिसमधून झायगोफ्लेबियसमध्ये आल्यामुळे ब्राउअर आणि 1889 आता कंसात लिहितात, तर लिओनिनस मुळातच झायगोफ्लेबियसमध्ये वर्णिलेली असल्यामुळे तिच्यापुढील नावास आणि 1910 यांना कंस नाही. ऑस्वाल्ड यांनी 1989 मध्ये काब्रालिसच्या जातीला दिलेले नाव तर केवळ तीन रोमन व्यंजनांचे आहे, सीएनएस. ते वैध आहे, तरी वर्गात शिकवताना ते उच्चारायचे कसे हा प्रश्न विद्यार्थी दरवेळी विचारतात. स्वतःचे नाव मात्र स्वतः वर्णिलेल्या जातीला देऊ नये. नियम आड येत नाही, शिष्टाचार येतो.

आपण लिहिले आहे की एप्रिलमध्ये घरी पुण्यास येताना हा नमुना सामानातून आणून आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाच्या केंद्रात दाखवण्याचा विचार आहे. तसे करू नये. दक्षिण आफ्रिकेत वन्य कीटक गोळा करण्यासाठी आणि देशाबाहेर नेण्यासाठी परवाने लागतात, ते प्रांताच्या निसर्गसंरक्षण विभागाकडून घ्यावे लागतात, आणि परवान्याविना बाहेर गेलेल्या नमुन्यावर आधारलेला लेख आता अनेक नियतकालिके स्वीकारत नाहीत. शिवाय तुलनेसाठी लागणारे आफ्रिकी नमुने पुण्यात नव्हे, आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर प्रिटोरियात आहेत. तिथल्या राष्ट्रीय कीटक संग्रहाशी संपर्क साधावा, आणि पुढे होलोटाइप ठरवण्याची वेळ आलीच तर त्याची जागाही तीच योग्य.

सध्या तीन गोष्टी कराव्यात. नमुना उजेडापासून दूर, घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवावा आणि पेटीत डांबराची गोळी कोपऱ्यात पक्की टोचावी, कारण ती सुटून गडगडली तर पंख शिल्लक राहत नाहीत. टाचणीला चिठ्ठी लावून तीवर देश, प्रांत, गाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, ‘दिव्यावर’ हा शब्द आणि आपले नाव बारीक अक्षरात लिहावे. महिना रोमन अंकात लिहावा म्हणजे दिवस आणि महिना यांची अदलाबदल होणार नाही. आणि मला उदराच्या टोकाचे खालून व बाजूने, असे दोन फोटो पाठवावेत. आपण पाठवलेल्या एकाही छायाचित्रात ते टोक दिसत नाही, त्यामुळे हा नर आहे की मादी हेदेखील अजून ठरायचे आहे.